तिसऱ्या बेसशेजारून लावोनताईस

लोन एल्म, नेब्रास्का
रविवार, २० एप्रिल

आदरणीय लावोनताई,

धाकट्या मार्लिसचा नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण माझे गुडघे हल्ली एकदा वाकले की परत यायला फार वेळ घेतात, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझ्या खुब्याचा नवा सांधा कसा आहे? जिना चढतेस की अजून खालच्याच खोलीत झोपतेस? डेल्बर्टदाजी कानातलं यंत्र कानात घालतात की अजून शर्टाच्या खिशातच ठेवतात? कोल्ह्याने नेलेल्या दोन कोंबड्यांबद्दल तू ख्रिसमसच्या पत्रात फार सविस्तर लिहिलं होतंस, वाचून वाईट वाटलं. उरलेल्या सुखरूप असतील अशी आशा करते. आमच्याकडे सगळं ठीक आहे. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे, कारण घरात मी एकटीच, पण एकतीस वर्षं संघाच्या वतीने बोलून बोलून ‘मी’ म्हणायची सवय मोडली आहे.

अक्षर नेहमीपेक्षा मोठं दिसेल. त्याचं काही मनावर घेऊ नकोस. घरातली साधी पेनं कुठे जातात देव जाणे, त्यामुळे संघाच्या खोक्यांवर नावं टाकायचं जाड काळं पेन घेतलंय. कागद जास्त लागतील, पण कॉलेजने मला त्यांच्या नावाचे इतके कोरे कागद दिले आहेत की मी मेल्यावरही दोन वर्षं पत्रं लिहू शकेन.

तू दरवर्षी ख्रिसमसला घेवड्या-खिम्याच्या चिलीचा वाडगा आणि दालचिनीचा रोल माझ्यापुढे ठेवतेस आणि विचारतेस, ‘काय गं मार्लिस, अजून चेंडूच खेळतेस का?’ मी दरवर्षी सांगते की मी खेळत नाही, खेळवते. मी कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची मुख्य कोच आहे. तू ‘बरं बरं’ म्हणतेस आणि पुढच्या ख्रिसमसला पुन्हा तेच विचारतेस. (एकदा तू सामना पाहायला आलीसही होतीस. त्या दिवशी गारा पडल्या आणि तू मोटारीतच बसून विणकाम केलंस. तो सामना मी धरत नाही.) म्हणून आज बैठक मारून तुला सगळं सांगायचं ठरवलं आहे. सांगायला कारण आहे, पण ते मागाहून.

मुळात मला या कॉलेजने घेतलं ते बास्केटबॉलच्या कोचची मदतनीस म्हणून, आणि ते पद मिळालं ते माझ्याकडे मोठी गाडी चालवायचा परवाना होता म्हणून. तीन महिन्यांनी सॉफ्टबॉलची बाई लग्न करून ॲरिझोनाला गेली आणि प्राचार्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, ‘तुम्हाला सॉफ्टबॉल येतो ना?’ मी म्हटलं, येतो. शेतावरच्या मुलीला सगळंच येतं असं त्यांना वाटायचं आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. मैदान म्हणून दाखवली ती मक्याच्या शेतालगतची एक पडीक पट्टी. तिथलं गवत मी कापलं, चुन्याच्या रेघा मी मारल्या, मध्यंतरात मक्याच्या लाह्या मीच विकल्या, आणि अंपायर आला नाही त्या दिवशी स्वतःच्याच मुलींना बादही मीच दिलं. बेसच्या मधली माती सपाट करायला पिकअपच्या मागे पलंगाची लोखंडी स्प्रिंगची जाळी बांधून फरफटत न्यायची असते. तुझ्या जुन्या पलंगाची जाळी कोठारातून कुठे गेली म्हणून तू एक अख्खा उन्हाळा आपल्या आतेभावावर संशय घेतलास. ती मी नेली, ताई. अजून वापरात आहे. आतेभाऊ बिचारा वारला, नाहीतर तुला त्याची माफी मागायला लावलं असतं.

असो. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत, एकतीस वर्षांत मी चारशे बारा सामने जिंकले होते आणि तीनशे नव्याण्णव हरले होते. चारशेवा पराभव यंदाच्या मोसमात येऊ नये एवढीच माझी देवाकडे मागणी होती. पण यंदाच्या वसंतात माझ्या बाबतीत काही गोष्टी घडल्या, आणि त्या आमच्या गावात ज्या पद्धतीने सांगितल्या जातात ती पद्धत बरोबर नाही. तुझ्या कानावर ब्यूटी पार्लरमार्गे येण्याआधी माझ्याकडून ऐक.

पहिली गोष्ट मार्चमधली. आमच्या खेळात मुलगी दुसऱ्या बेसवरून धावत सुटली की तिने थांबावं की तसंच होमपर्यंत, म्हणजे जिथे धाव पुरी होते तिथवर, जावं हे कोचने सांगायचं असतं. त्यासाठी तिसऱ्या बेसशेजारी चुन्याची एक चौकट आखलेली असते, तिच्यात मी उभी असते. हात गोल फिरवला तर जा, दोन्ही तळहात पुढे केले तर थांब. मुलगी माझ्याकडे बघते, चेंडूकडे बघत नाही, एवढा तिचा विश्वास. तर मी हात फिरवला, आणि आमची मुलगी होमकडे गेली तेव्हा चेंडू हातात घेऊन त्यांची झेलणारी, कॅचर, तिथे तिची वाटच बघत होती. तिच्याजवळ इतका वेळ होता की तिने आधी बुटाची नाडी सारखी केली. लोक म्हणाले, कोचला चेंडू दिसला नाही. मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं होतं. (त्या दिवशी ढगाळ होतं असं काही जण सांगतील. नेब्रास्कात ढगांमागेही ऊन असतं.)

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. सामन्याआधी कोणती मुलगी कितव्या क्रमांकावर बॅटिंगला येणार याचा कागद कोचने स्वतः भरून अंपायरच्या हातात द्यायचा असतो. एकदा दिला की तोच कायदा. माझी सहायक जोलीन (माझ्याच संघात चार वर्षं कॅचर होती, आता तिची पोरं शाळेत जातात) कच्चा क्रम लिहून देते आणि पक्का कागद मी उतरवते. गेली एकतीस वर्षं तो मी माझ्याच हाताने लिहिते, त्यात मी कोणालाही हात लावू देत नाही. जोलीनचं अक्षर मुंगीएवढं. संघात ब्रिन आणि टेगन या दोन मुली आहेत, उंची सारखी, वेणी सारखी, एकीच्या पाठीवर आठ आणि दुसरीच्या तीन. मी आठाच्या जागी तीन उतरवला आणि तीनाच्या जागी आठ. इतकंच. मुली आपल्या ठरलेल्या क्रमानेच आल्या. ब्रिन आली, तिने डाव्या कुंपणाला चेंडू लावला, दोन धावा झाल्या, आमच्या डगआउटमध्ये, बाकांच्या छपराखाली, नाच सुरू झाला.

आणि मग पलीकडून कोच ऑस्ट्रँडर उठली. तिला तू ओळखत नाहीस, ते तुझं भाग्य. वीस वर्षं ती माझ्याविरुद्ध उभी आहे. तिला चूक पहिल्यापासून दिसली होती. पण नियम असा की चुकीची मुलगी मारून मोकळी झाल्यावर, पुढचा चेंडू पडण्याआधी तक्रार केली, तर जिने यायला हवं होतं ती बाद आणि झालेल्या धावा रद्द. आधी सांगितलं तर नुसती दुरुस्ती. म्हणून ही बाई सूर्यफुलाच्या बिया खात गप्प बसली, धावा होऊ दिल्या, हात झटकले आणि सावकाश चालत अंपायरकडे गेली. जाताना मला म्हणाली, ‘मार्लिस, माफ कर हं, माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.’ केलंच असतं. म्हणूनच राग जास्त आला. एका धावेने हरलो, आणि तो चारशेवा पराभव.

तिसरी गोष्ट त्याच संध्याकाळची. परतीच्या वाटेवर हमरस्त्यावरच्या थांब्याला आमची पांढरी बस थांबली. मुली हात-तोंड धुवायला गेल्या. मी कॉफी घेऊन परत बसमध्ये चढले, पुढे उभी राहिले आणि पाहिलं तर सगळे माना खाली घालून गप्प. पराभव माझ्या हाताने झाला आणि पोरी खचल्या. मी कॉफी खाली ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. चूक माझी आहे म्हणाले. पण खचून चालणार नाही म्हणाले. मग ओघात बंट, म्हणजे बॅटने हळूच टेकवलेला चेंडू, कसा अडवायचा त्याकडे वळले, गुडघे वाकवा, बूड खाली, चेंडू यायची वाट पाहू नका, तुम्ही त्याच्याकडे जा, वगैरे. चांगली पाच मिनिटं बोलले. सगळे इतक्या मन लावून ऐकत होते की मी तेच पुन्हा एकदा सांगितलं. तेव्हा पहिल्या बाकावरून एक पुरुषी आवाज आला, ‘बाई, तुम्ही म्हणता ते अगदी पटलं. पण गुडघे वाकवू शकेल असं आमच्यात कोणी नाही.’ ती लूथरन चर्चच्या ज्येष्ठ मंडळींची बस होती, नदीवर क्रौंच पक्षी पाहायला निघाली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका आजीबाईंनी मला कोलाचे दिला, जर्दाळू भरलेला गोड पाव. मी तो घेऊन योग्य बसमध्ये गेले. तिन्हीसांजेला दोन पांढऱ्या बसमध्ये कोणीही चुकेल.

आता या तिन्ही गोष्टींवरून आमचे क्रीडा संचालक ब्रेंट हॅविलँड यांनी जो अर्थ काढला तो ऐक. ब्रेंट अडतीस वर्षांचा आहे, सभ्य आहे, आणि बोलताना आवाज इतका मऊ करतो की आपल्याला काहीतरी असाध्य झालंय असं वाटायला लागतं. त्याने मला खुर्ची पुढे ओढून दिली. (कधी देत नाही.) म्हणाला, ‘कोच, आमच्या आजीचंही असंच सुरू झालं होतं.’ मी म्हटलं, कसं? तो म्हणाला, ‘विसरणं.’ मी त्याला तिथल्या तिथे माझ्या पहिल्या वर्षीचा बॅटिंगचा क्रम म्हणून दाखवला, नऊच्या नऊ मुली, त्यांची माहेरची आडनावं आणि आत्ताची. तो मान हलवत म्हणाला, ‘हो ना, जुनं सगळं आठवतं, तेच तर.’ म्हणजे विसरले असते तरी फसले असते आणि आठवलं तरी फसले. मग त्याने एक चित्र पुढे केलं. मैदानाच्या फाटकावर माझ्या नावाची कमान. मी मानाने निवृत्त व्हायचं, तीन मेच्या शनिवारी घरच्या शेवटच्या सामन्यात लाउडस्पीकरवर जाहीर करायचं, आणि शरदात कमान उभी राहणार. उत्तर त्याला त्या शनिवारच्या आत हवं आहे. नाही म्हटलं तर काय, ते त्याने सांगितलं नाही, पण कमान कापायला दिली आहे हे मला सुताराकडून कळलं.

ताई, आपलं नाव मैदानाला देतात ते आपण मैदानावर येऊ नये म्हणून देतात. मला भीती वाटते. मरायची नाही, म्हातारपणाची पण फारशी नाही. शनिवारी दुपारी दोन वाजता मी कुठे उभं राहायचं, याची. ती चुन्याची चौकट आठ फूट बाय सोळा फूट आहे, माझ्या बैठकीच्या खोलीपेक्षा थोडीशीच लहान, आणि घरी जेवढं नीट वाटत नाही तेवढं मला तिथे वाटतं. हे मी कोणाला बोलले नव्हते. तुला लिहिलं.

आता हल्लीच्या मुलींबद्दल चार शब्द, म्हणजे मन हलकं होईल. मुली गुणी आहेत, पण मिरवण्याची हौस फार. आमच्या कॉलेजचे रंग निळा आणि राखाडी. गेल्या शरदापासून या पोरींनी नारिंगी रंगाचं वेड घेतलं आहे. हेल्मेटला नारिंगी पट्टी, कोपराला नारिंगी पट्टी, कॅचरच्या दहाही नखांना नारिंगी रंग, चेंडूच्या बादलीला नारिंगी दोरी. नारिंगी हा ऑस्ट्रँडरच्या कॉलेजचा रंग आहे, ताई. मी हे सगळं काढून टाका म्हणून ठणकावून सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा अख्ख्या संघाने माझं ऐकलं नाही. ‘हो कोच’ म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी बुटांनाही लावून आल्या. त्यावर कळस म्हणजे धावताना स्वतःचंच नाव ओरडतात. दुसरा बेस ओलांडला की ‘कोच, ब्रिन! ब्रिन येतेय!’ पाण्याची बाटली आणून दिली तरी ‘कोच, मी टेगन.’ अगं पोरी, मी तुला दोन वर्षं रोज बघतेय. फोनमध्ये दिवसभर स्वतःचे फोटो काढून काढून ही पिढी स्वतःच्या प्रेमात पडली आहे, दुसरं काय.

बाकी तब्येत उत्तम. हल्ली गाडी फारशी काढत नाही, मैदानापर्यंत चालतच जाते. चालणं हृदयाला चांगलं असं मासिकात आलं होतं. दाजींना नमस्कार सांग, मोठ्याने. कोंबड्यांची काळजी घे.

तुझी धाकटी,
मार्लिस

ता. क. पत्र फाडून टाक. निदान पार्लरमध्ये नेऊ नकोस.

ता. क. दुसरा. तू सव्वीस हिवाळे शाळेची बस चालवलीस, बर्फातसुद्धा एक पोर घरी उशिरा पोचलं नाही, याचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. बोलून दाखवलं नसेल. तर झालं असं की मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली. आधी वाटलं चष्म्याची काच मळली आहे, मग वाटलं मैदानावरचे दिवे जुने झाले, मग वाटायचंच बंद झालं. आठ आणि तीन मला एकसारखे दिसतात. मासिक मी वाचलेलं नाही, गाडी काढायचं धाडस होत नाही म्हणून चालते. ऊन वगैरे काही नव्हतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी, २९ तारखेला सकाळी शहरात ठरवलं आहे. ते लोक म्हणतात, घरी न्यायला मोटार चालवणारं माणूस बरोबर नसेल तर टेबलावर घेणार नाही. इथे कोणाला सांगितलं तर ब्रेंटला कळेल, आणि ‘डोळ्यांनी दिसत नसताना दोन मोसम मुलींना होमकडे पाठवत होती’ असं एकदा बोललं गेलं की कमानसुद्धा मिळणार नाही. तू आदल्या दिवशी, सोमवारी २८ तारखेला, येशील का? एवढंच विचारण्यासाठी हे पत्र लिहायला बसले होते, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

ता. क. तिसरा, सोमवार, २१ एप्रिल. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं आहे. पत्र टाकायला निघाले आणि वाटेत मैदानावर गेले, तिथे जोलीन होती. मंगळवारी सराव तिलाच घ्यावा लागणार, म्हणून दात काढायचा आहे असं सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘कोणता डोळा आधी?’

मी विचारलं, तुला कधीपासून ठाऊक? म्हणाली, ‘गेल्या शरदात तुम्ही माझ्या नवऱ्याला बॅटचा उत्तम स्विंग आहे म्हणालात. तो कुंपणाला रंग देत होता.’ मग तिने आपली पिशवी उघडून दाखवली. नारिंगी चिकटपट्टीची सहा भेंडोळी, आणि एक नखरंगाची बाटली. कल्पना ब्रिनची. कोचला निळा आणि राखाडी एकात एक मिसळलेले दिसतात, पण नारिंगी लांबूनही ओळखू येतो, हे पोरींनी स्वतः वेगवेगळ्या रंगांचे चेंडू माझ्यासमोरून नेऊन शोधून काढलं. डावा कोपर म्हणजे ब्रिन, उजवा म्हणजे टेगन. नाव ओरडायचं तेही ठरवून. क्रौंचवाल्या प्रकारानंतर आमच्या बसच्या आरशालाही पट्टी बांधली आहे, ती मला आज दिसली. मी जोलीनला म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीत, मूर्खांनो? ती म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी सोडून गेला असता.’ गेले असते.

तिने आणखी एक सांगितलं. मार्चमध्ये होमवर जी बाद झाली ती टेगन होती. कॅचरच्या हातात चेंडू तिला दुसऱ्या बेसवरूनच दिसला होता. मी हात फिरवला म्हणून ती गेली. मी चेंडूच्या बादलीवर बसून थोडी रडले, जोलीन तोवर बेस उचलत राहिली.

ब्रेंटला मी उत्तर तीन मेच्या शनिवारीच देणार आहे, त्याचा चेहरा नीट बघून. काय देणार ते अजून ठरलेलं नाही. आधी एकदा त्या चौकटीत उभं राहून मुलींची तोंडं पाहायची आहेत. दोन वर्षांपूर्वी आलेल्या पोरींची तोंडं मी अजून पाहिलेलीच नाहीत. तूही शनिवारपर्यंत थांब. विणकाम आण, पण या वेळी मोटारीत बसायचं नाही.

आणि २८ च्या सोमवारी मी तुझी वाट घरी नाही, मैदानाच्या फाटकापाशी पाहीन. येताना काहीतरी नारिंगी घालून ये, म्हणजे मला तू ओळखू येशील. तुझ्याकडे काही नसेल तर दाजींची शिकारीची नारिंगी टोपी चालेल.